जुना स्नोबोर्ड घेताना

स्मरणिकेच्या संपादकांचे पत्र आले की दरवर्षी मी एखादा वैद्यकीय विषय शोधू लागतो. सिकलसेल, फ्लोरोसिस, सर्पदंश हे आमच्या भागातले विषय आजवर लिहून झाले. या खेपेस विषय नातीने दिला. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझा स्नोबोर्ड पेशंटसारखा तपासला होता ना, ते लिहा." डहीच्या डॉक्टराने स्नोबोर्डवर लिहावे, याचे वाचकांना हसू येईल. मलाही आले. परंतु विचार केला तेव्हा वाटले, की ही गोष्ट केवळ बर्फावरच्या फळीची नाही आणि आपल्या मंडळींना ती उपयोगी पडण्यासारखी आहे.

डही हे धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले, कुक्षीच्या पुढचे गाव. खाली नर्मदा, भोवती भिल्ल-भिलाला बांधवांचे फलिये. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर चढलेला असे. तिथे तीस-पस्तीस वर्षे व्यवसाय करताना बर्फ मी दोनच रूपांत पाहिला: लग्नसराईत भुशात आणि गोणपाटात गुंडाळून येणारी लादी आणि लशींच्या डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या. तथापि धार, देवास, इंदूरकडच्या मराठी घरांतली मुले आता डेन्व्हर, टोरांटो, कॅल्गरीला स्थायिक झाली आहेत. आपण आई-वडील सहा-सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहतो आणि तिथे नातवंडांचे खेळ बर्फावरचे असतात. चिरंजीवांचे बिऱ्हाड डेन्व्हरला. २०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता तिथे होतो. नात तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिला स्नोबोर्ड हवा होता.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या अभियंत्याने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडून एक रुंद फळी केली. तिला 'स्नर्फर' हे नाव पडले. पुढे १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हर्मांट राज्यात पाय बांधता येतील अशा फळ्या बनवून विकायला सुरुवात केली. प्रारंभी कित्येक स्की-केंद्रांनी या खेळाला मज्जाव केला होता. १९९८ साली जपानमधील नागानो येथे त्याचा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये समावेश झाला. स्कीमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात काठ्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले आणि हात मोकळे. हा फरक लक्षात ठेवावा, कारण या खेळातल्या दुखापती त्यातूनच उद्भवतात.

मुलाची मापे दर एक-दोन हंगामांनी बदलतात. नवा बोर्ड, त्यावरची बाइंडिंग म्हणजे पाय बांधण्याची पकड, बूट आणि बाकी साहित्य मिळून मोठी रक्कम होते. म्हणून तिथे दर शरद ऋतूत जुन्या साहित्याचे बाजार भरतात. शाळेच्या व्यायामशाळेत रांगांनी बोर्ड आणि स्की उभे केलेले असतात, प्रत्येकाला किमतीची चिठ्ठी अडकवलेली असते आणि पुष्कळदा विकणारा शेजारीच उभा असतो. एका शनिवारी आम्ही चौघे अशाच बाजारात गेलो. सौ. घरीच राहिल्या. पस्तीस वर्षे मी घरी आणलेल्या जुन्या वस्तू पाहून त्यांना त्यात रस उरलेला नाही.

आत पाऊल टाकताच मला आमच्या भागातला हाट आठवला. डहीला माझा एक वयोवृद्ध रुग्ण होता, बैलांचा मोठा जाणकार. एकदा हाटात त्याने मला बैल कसा घ्यावा ते शिकवले होते. दात पाहून वय कळते, चालवून पाहिला की पाय कळतात, मानेवर हात फिरवला की जुवाने झालेली सूज कळते. हे सारे त्याने दाखवले. परंतु सर्वांत आधी त्याने विकणाऱ्याला विचारले होते, की हा बैल तू का विकतोस? आपण यालाच 'हिस्ट्री घेणे' म्हणतो.

म्हणून व्यायामशाळेत मी पहिला प्रश्न तोच विचारला. एका उंच, सडपातळ महाविद्यालयीन मुलाकडे त्याच्या धाकट्या बहिणीचा बोर्ड होता. बहीण उंच झाली म्हणून विकायचा होता. किती हंगाम वापरला? दोन. कुठे ठेवला होता? गॅरेजमध्ये. कधी दगडावर गेला? एकदा, आणि तो खड्डा दुकानात भरून घेतला आहे. असे सरळ उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास बसतो. शेजारच्या टेबलावर अधिक चकचकीत बोर्ड होते. त्यांचा विक्रेता प्रत्येकाविषयी 'अगदी नव्यासारखा' एवढेच सांगत होता आणि कुणी वापरला ते त्याला ठाऊक नव्हते. भाड्याने देणारी दुकानेही हंगाम संपल्यावर आपले बोर्ड विकतात. ते दणकट असतात, पण कडा वारंवार घासल्यामुळे झिजलेल्या असतात. शिवाय स्की-केंद्रांबाहेर ठेवलेले बोर्ड चोरीला जातात, हेही लक्षात ठेवावे. मालकी सांगू न शकणाऱ्याकडून स्वस्तात घेऊ नये.

हिस्ट्रीनंतर माप. पूर्वी बोर्ड उभा धरून तो हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान आला की पुरे, असे मानत. आजही दुकानात ही खूण सांगतात आणि पहिल्या अंदाजाला ती ठीक आहे. परंतु बोर्डाला उंची कळत नाही, वजन कळते. वजनदार मुलाला आखूड बोर्ड दिला तर तो वेगात थरथरतो, हलक्या मुलाला लांब दिला तर त्याच्याने तो वळवत नाही. आमच्या नातीची उंची १५५ सें.मी. आणि वजन ४५ किलो होते. तिच्यासाठी १४० सें.मी.च्या आसपासचा, वाकायला मऊ असा बोर्ड योग्य होता. नवशिक्यांनी मऊ बोर्डच घ्यावा. रुंदीही पाहावी लागते. बूट कडेच्या फार बाहेर आला तर वळताना तो बर्फात रुततो आणि मूल पडते. त्यामुळे मोठ्या पावलांच्या पुरुषांसाठी रुंद बोर्ड वेगळे मिळतात. डावा पाय पुढे ठेवणारे आणि उजवा पाय पुढे ठेवणारे असे दोन प्रकारचे खेळाडू असतात, पण त्यासाठी बहुधा वेगळा बोर्ड लागत नाही, बाइंडिंग फिरवून बसवता येते.

आता प्रत्यक्ष तपासणी. बोर्डाची शरीररचना अशी: मध्ये लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली काचतंतूंचे थर, वरती रंगीत पापुद्रा, तळाला पॉलिइथिलीनचा गुळगुळीत थर आणि भोवती पोलादी कड. गाभा कोरडा आहे आणि थर एकमेकांना चिकटलेले आहेत तोवर बोर्ड जिवंत असतो. पाणी आत शिरले की लाकूड फुगते, थर सुटतात आणि मग दुरुस्ती करण्यात अर्थ उरत नाही. म्हणून पाणी कुठून शिरू शकेल, याच एका दृष्टीने सगळा बोर्ड पाहावा.

निरीक्षणाची सुरुवात तळापासून करावी. मी बोर्ड उलटा करून खिडकीच्या उजेडाकडे तिरपा धरला. तळावर रेघोट्या असणारच, त्यांना भिऊ नये. पांढुरका, कोरडा तळ दिसला तरी तो दोष नव्हे, मेण लावले की सुधारतो. परंतु ओरखड्याच्या बुडाशी काचतंतू किंवा लाकूड दिसत असेल तर ती जखम खोल आहे. दुरुस्त केलेली जागा बोटाने चाचपावी. भरलेला भाग सपाट आणि घट्ट हवा, कडा उचललेल्या नकोत. त्या मुलाने सांगितलेला खड्डा टाचेच्या बाजूला, मागल्या टोकापासून वीतभर अंतरावर होता. भरणे नीट बसलेले होते.

त्यानंतर पोलादी कड. तिच्यावरून नखाने अथवा कापडाने, जपून, सबंध फेरी मारावी. वरवरचा गंज दगडाने घासून जातो, खोल खड्डे पडले असतील तर जात नाहीत. कड कुठे तुटली आहे का, वाकली आहे का, तळापासून सुटून बाहेर आली आहे का, हे पाहावे. सुटलेली कड म्हणजे पाण्याला उघडलेले दार. कडेची जाडीही पाहावी. दर वेळी धार लावताना पोलाद थोडे थोडे कमी होत जाते आणि फारच बारीक झालेल्या कडेला पुढे धार लावण्याइतके आयुष्य नसते.

मग स्पर्श. दोन्ही टोकांशी आणि बाजूंना अंगठ्याने दाबत जावे. थर सुटलेले असतील तर दाबल्यावर फट मिटते आणि सोडल्यावर उघडते. वरच्या पापुद्र्याच्या कडेला निघालेल्या बारीक कपच्या हा बहुधा केवळ सौंदर्याचा प्रश्न असतो. परंतु दोन पायांच्या मधल्या भागात आडवी गेलेली चीर दिसली तर बोर्ड परत ठेवावा, कारण ती बहुधा गाभ्याची फ्रॅक्चर असते.

यानंतर मी बोर्डावर बोटाने टिचक्या मारू लागलो, तेव्हा सूनबाईंनी इकडेतिकडे पाहिले. डॉक्टर मंडळींना परकशनचा उगम ठाऊक असेलच. लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी १७६१ साली छातीवर टिचक्या मारून निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ते खानावळ चालवणाऱ्याचे चिरंजीव, आणि पिंपात मद्य किती उरले हे टिचकी मारून ओळखण्याची रीत त्यांनी घरीच पाहिलेली होती असे सांगतात. पिंपाला लागू पडते ते फळीलाही पडते. टणक, सारखा आवाज येत असताना मध्येच एके ठिकाणी पोकळ किंवा बद्द आवाज आला तर तिथे आतून थर सुटलेला असण्याची शंका घ्यावी. बाइंडिंगच्या खाली आवाज वेगळा येतो, तो दोष नव्हे. शेजारच्या टेबलावरचा एक चकचकीत बोर्ड मी असाच वाजवून पाहिला. टोकाशी त्याचा आवाज फुटका येत होता. अंगठ्याने दाबल्यावर तिथली फटही दिसली.

शेवटी ढब. बोर्ड सपाट फरशीवर ठेवून पाहावा. पारंपरिक घडणीचा बोर्ड मध्यभागी किंचित उचललेला असतो आणि दाबला की पुन्हा वर येतो. काही बोर्ड मुळातच मध्ये टेकणारे आणि टोकांना उचललेले बनवतात, तेव्हा मूळ घडण कोणती ते आधी विचारावे, नाहीतर निरोगी माणसाला आजारी ठरवल्यासारखे होईल. मात्र कोणत्याही घडणीचा बोर्ड तिरप्या टेबलासारखा एका कोपऱ्यावर डुगडुगत असेल तर तो पिळवटलेला आहे. तो घेऊ नये.

बाइंडिंग ज्या भोकांत बसवतात त्यांत धातूच्या आट्या असतात. माझ्या समजुतीप्रमाणे ग्राहक ही भोके सर्वांत कमी पाहतात. मी त्या मुलाकडून एक स्क्रू मागून घेतला आणि प्रत्येक भोकात हाताने फिरवून पाहिला. आटे गेलेले असतील तर स्क्रू नुसताच फिरतो आणि उतारावर पाय सुटण्याची भीती असते. भोकांची मांडणीही सर्व कंपन्यांची सारखी नसते. बोर्ड आणि बाइंडिंग वेगवेगळे घेणार असाल तर दोन्ही एकमेकांना जुळतात का, हे तिथेच पाहून घ्यावे.

बाइंडिंग हे मुख्यतः प्लास्टिकचे. प्लास्टिकलाही वार्धक्य येते. थंडी आणि ऊन खाऊन ते ठिसूळ होते. तळपट्टी आणि टाचेमागचा कमान-भाग वाकवून केसासारख्या चिरा आहेत का ते पाहावे. दातेरी पट्ट्या खटक्यात घालून दहा वेळा आवळाव्या आणि सोडाव्या. दाते झिजले असतील तर त्या घसरतात. पट्ट्या आणि खटके बदलून मिळतात, पण फार जुन्या जातीचे भाग मिळेनासे होतात. स्कीचे बाइंडिंग जोराने पडल्यास पाय सोडते, तशी त्याची रचनाच असते. स्नोबोर्डचे सोडत नाही. म्हणून ते तुटण्याच्या अवस्थेत असता कामा नये. बुटांविषयी माझे मत स्पष्ट आहे, की जमल्यास नवे घ्यावेत. आतले अस्तर पहिल्या मालकाच्या पावलाच्या आकाराने दबलेले असते आणि सैल बुटात टाच उचलली गेली की बोर्डावरचा ताबा जातो. जुनेच घ्यायचे झाले तर ते हंगामी मोज्यांसह घालून, गुडघे वाकवून पाहावे. टाच जागची हलता कामा नये.

आमचा बोर्ड या साऱ्यातून उत्तीर्ण झाला. मुलाने बाइंडिंगसह नव्वद डॉलर सांगितले होते. भरलेल्या खड्ड्याकडे आणि एका झिजलेल्या पट्टीकडे बोट दाखवून मी पासष्टला सौदा ठरवला. चिरंजीव संकोचले होते, पण मुलगा हसत होता. त्याला कुणी त्याच्या बोर्डावर इतका वेळ दिलेला आवडला असावा.

त्यानंतर तो प्रसंग घडला, ज्यासाठी मी हे लिहीत आहे. चिरंजीव एका टेबलावरून हेल्मेट घेऊन आले. म्हणाले, "बाबा, पंधरा डॉलरला मिळतंय. नवं घेतलं तर चौपट पैसे पडतील. एकदाही आपटलेलं नाही म्हणतात." वरून हेल्मेटवर ओरखडादेखील नव्हता. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "बोर्ड तर तुम्ही जुनाच घेतलात." प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून मी त्यांना अशी एक गोष्ट सांगितली, जी तोवर घरात कुणालाही सांगितली नव्हती.

१९८२ साली मी इंदूरला बंद पडत असलेल्या एका प्रयोगशाळेतून जुना मायक्रोस्कोप विकत आणला. नव्याचे पैसे माझ्यापाशी नव्हते. पितळ लखलखीत होते, आरसा स्वच्छ होता, स्क्रू लोण्यासारखे फिरत होते. कमी शक्तीच्या भिंगांतून मी तिथे एक स्लाइड पाहिली आणि समाधानाने पैसे मोजले. तेल लावून वापरायचे शंभर पटीचे भिंग मात्र पाहिले नाही, कारण तिथे तेल नव्हते आणि माझी बस सुटायची होती. वस्तुतः डहीला मला त्याच भिंगाचे काम होते. हिवतापाचे जंतू त्याच भिंगातून शोधायचे असतात.

त्या पावसाळ्यात एका फलियातून सात-आठ वर्षांच्या मुलाला तापाने फणफणलेल्या स्थितीत आणले. मी रक्ताची स्लाइड केली, पाहिली, जंतू दिसले नाहीत. चित्र थोडे धूसर होते. रंग नीट चढला नसेल असे मी मनाशी म्हटले आणि विषमज्वराचे उपचार सुरू केले. तिसऱ्या दिवशी मूल बेशुद्ध झाले. मिळेल ती जीप करून त्याला धारला पाठवले. माझीच स्लाइड मी सोबत दिली होती. तिथे ती पाहिली गेली आणि फॅल्सिपेरमचे जंतू ढिगाने आढळले. क्विनीनवर मूल वाचले. नंतर भिंग दाखवले तेव्हा कळले, की पूर्वीच्या मालकाच्या हातून तेल भिंगांच्या आत झिरपून बसले होते. बाहेरून पाहता ते कळण्यासारखे नव्हते. पण पाच मिनिटे थांबून, तेल मागवून, त्या भिंगातून एक स्लाइड पाहिली असती तर तिथल्या तिथे कळले असते. दोष विकणाऱ्यापेक्षा माझा अधिक होता. त्या मुलाच्या बापाने मात्र पुढे कित्येक वर्षे मला मक्याची कणसे आणून दिली. ती घेताना मला काय वाटे, ते मी कधी त्याला सांगू शकलो नाही.

चिरंजीवांना मी एवढेच म्हणालो, की जी वस्तू ज्या कामासाठी घ्यायची, त्या कामाला लावून तपासता येत असेल तर जुनी अवश्य घ्यावी. बोर्ड मी पाहू शकतो, दाबू शकतो, वाजवू शकतो. हेल्मेटचे काम आपटण्याचे आहे. ते करून पाहिले की हेल्मेट संपले. बहुतेक हेल्मेटांच्या आतला फेस एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. तो दबून आघात शोषतो आणि दबलेला पूर्ववत होत नाही. वरचे कवच तसेच चकचकीत राहते. तेव्हा हेल्मेट तपासण्याची रीत माझ्याजवळ नाही. आहे ती फक्त विकणाऱ्याच्या शब्दाची खात्री, आणि ती मला पुरेशी नाही. चिरंजीव काही बोलले नाहीत. हेल्मेट जागेवर ठेवून आले. त्याच संध्याकाळी दुकानातून नवे हेल्मेट आणि मनगटांची संरक्षक कवचे घेतली. बोर्डापेक्षा हीच खरेदी महाग पडली.

डॉक्टर वाचकांसाठी येथे थोडे सविस्तर लिहितो. नॉर्वेतील एका अभ्यासात (२००१) ५,०२९ स्नोबोर्ड खेळणाऱ्यांची कवच घालणारे आणि न घालणारे अशी जवळजवळ समान विभागणी केली होती. कवचवाल्या गटात मनगटाच्या ८ दुखापती झाल्या, दुसऱ्या गटात २९. नॉर्वेतच झालेल्या आणि २००६ साली 'जामा'त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेल्मेट वापरणाऱ्यांमध्ये डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. मनगटाचे कारण उघड आहे. दोन्ही पाय बांधलेले, हातात काठी नाही, मग पडताना माणूस हात टेकतो आणि रेडियसचे खालचे टोक मोडते. नवशिके सर्वाधिक पडतात, म्हणून पहिल्या काही दिवसांतच कवच सर्वांत आवश्यक. जुने घेतले तरी चालेल असे मी कवचाबाबतही म्हणणार नाही, कारण आतल्या पट्टीला चीर गेली आहे की नाही ते कापडातून दिसत नाही.

दुसरी दुखापत घोट्याची. टॅलस हाडाच्या बाहेरील प्रवर्धाच्या अस्थिभंगाला 'स्नोबोर्डरचे फ्रॅक्चर' असेच नाव पडले आहे. तो हुबेहूब मुरगळ्यासारखा वाटतो, साध्या क्ष-किरण चित्रात निसटतो आणि दुर्लक्ष झाल्यास सांधा कायमचा दुखत राहतो. एखादा तरुण बर्फावरून परतून तुमच्याकडे आला, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, बाहेरील घोट्याच्या हाडाच्या किंचित खाली, बोट ठेवताच ओरडला, तर मुरगळा म्हणून पट्टी बांधून पाठवू नये. सी.टी. करून घ्यावा. असा रुग्ण धार-देवासला कुठून येणार, असे कुणी म्हणेल. गुलमर्ग, औली, सोलंग येथे आता आपल्याकडची मुलेही हिवाळ्यात जातात. तिथे साहित्य बहुधा भाड्याने घेतात, आणि भाड्याची वस्तू म्हणजे एका दिवसापुरती घेतलेली जुनी वस्तूच. दुकानात पाच मिनिटे थांबून कडा, पट्ट्या आणि स्क्रू पाहावेत. मनगटांची कवचे आणि जमल्यास हेल्मेट घरूनच न्यावे.

नोव्हेंबरात आम्ही लव्हलँडच्या उतारावर गेलो. पहिल्या दिवशी नात किती वेळा पडली, ते मोजण्याचे मी दुपारनंतर सोडून दिले. संध्याकाळी तिच्या उजव्या कवचाच्या प्लास्टिकवर चांगला लांब ओरखडा होता. कवच नसते तर मनगट मोडलेच असते असे मी म्हणणार नाही. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडू नये, हे आपण सर्वच जाणतो. मला त्या रात्री शांत झोप लागली, एवढे मात्र खरे.

आपल्यापैकी अनेकांनी व्यवसायाच्या आरंभी जुनी यंत्रे घेतली. तरुण सहकारी आजही ई.सी.जी. यंत्र, ऑटोक्लेव्ह, मॉनिटर जुने घेतात. त्यात कमीपणा नाही. लहान गावात त्याशिवाय दवाखाना उभाच राहत नाही. माझे सांगणे एवढेच, की यंत्र ज्या कामासाठी घ्याल ते काम त्याच्याकडून तिथेच करून घ्या. बस सुटली तर सुटू द्या.

नातीचा बोर्ड तीन हंगाम चालला. मधल्या काळात एकदा ती डोक्यावर पडली. तिला काही झाले नाही, हेल्मेटही वरून चांगले दिसत होते. तिने आपणहून त्याचे पट्टे कात्रीने कापले आणि मगच ते कचऱ्यात टाकले. पट्टे का कापले, असे आईने विचारल्यावर म्हणाली, "नाहीतर कुणीतरी उचलून वापरेल." २०२१ च्या शरदात बोर्ड विकायला नेला, तेव्हा किमतीच्या चिठ्ठीखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, की तळ दोन ठिकाणी भरलेला आहे, एक पट्टी बदललेली आहे आणि पुढच्या टोकाशी कड किंचित वाकलेली आहे. बोर्ड चाळीस डॉलरला गेला. न लिहिता कदाचित साठला गेला असता.

माझा तो मायक्रोस्कोप अजून डहीच्या घरात कपाटात आहे. भिंग बदलून तो पुढे मी पुष्कळ वर्षे वापरला. मध्यंतरी एकाने तो मागितला होता. भिंगाची सारी हकीकत सांगितली, तरी तो घ्यायला तयार होता. मी दिला नाही.